धुरीकाकांचं जंबो

माझे सासरे गेले तेव्हा तिरडीला पुढच्या डाव्या बाजूने धुरीकाकांचा खांदा होता. मी बायकांबरोबर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी होते. अंत्ययात्रा चौकातून कमानीपाशी पोचली आणि तिथेच अडली, कारण धुरीकाका थांबले होते. चौघांतला एक थांबला की उरलेल्या तिघांना थांबावंच लागतं, आणि पाचव्याला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आता घाई असण्याचं काही कारण नव्हतं. काकांनी मान वर केली. आभाळ भरलेलं होतं, विमान दिसत नव्हतं, नुसती लांबवर घरघर ऐकू येत होती. "जंबो," काकांनी जाहीर केलं. "चारही इंजिनं एका सुरात आहेत." मग त्यांनी खांदा सावरला आणि माझे सासरे पुढे निघाले.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवशी सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. रडल्याही नव्हत्या. गॅलरीचा कठडा धरून त्या म्हणाल्या, "मेल्याक आजच्या दिवशीय चैन नाय." आणि मग त्यांना रडू फुटलं. धुरीकाकांच्या विमानविद्येचा चाळीला झालेला हा पहिला उपयोग.

रमाकांत धुरी आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. लालबागची आमची मोरेश्वर बिल्डिंग ही तीन मजली चाळ, चारी बाजूंनी गॅलऱ्या, मध्ये फरशीचा चौक आणि रस्त्याकडे एक कमान. लग्न होऊन मी तिथे आले तेव्हा काकांनी "मी विमान कंपनीत, जंबोवर असतो" अशी आपली ओळख करून दिली होती. सडपातळ बांधा, पांढरा शर्ट, बाहीला कडक इस्त्री. मी समजले पायलट. आमच्या शेजारी पायलट राहतो म्हणून मी माहेरी सांगूनही टाकलं. हा पायलट रोज सकाळी डबा घेऊन जातो आणि संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन परत कसा येतो, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला.

काका विमानदुरुस्तीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. मेकॅनिक चिठ्ठी घेऊन खिडकीशी यायचा, काका आतून तो नट, तो वॉशर, ती रबरी चकती आणून द्यायचे. सगळी नोकरी त्यांनी त्या एका खिडकीत केली. पण त्यांचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. "पायलट काय, गाडी चालवतो. गाडी चालू ठेवतो तो मी," असं ते निवृत्त झाल्यावरही वर्तमानकाळात सांगायचे. चाळीने त्यांना 'वॉशरवाले धुरी' असं नाव ठेवून तो विषय निकालात काढला होता.

त्यांना माणसं ओळखण्याची एकच पद्धत ठाऊक होती, कोण कुठलं विमान. चाळीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष दळवी हे काँकॉर्ड: "नाक पुढे, आवाज आभाळ फाटेस्तोवर, आणि इंधन पितं किती विचारू नका." मी नॅट. "एवढंसं विमान हो, पण पासष्टच्या लढाईत मोठमोठ्यांच्या शेपटीला लागलं की सोडायचं नाही. सूनबाई, तू ती." हे कौतुक होतं की तक्रार, हे मी अजून ठरवलेलं नाही. स्वतःच्या बायकोला ते डाकोटा म्हणायचे. डाकोटाने म्हणे सत्तेचाळीस साली श्रीनगरच्या मातीच्या धावपट्टीवर फौज उतरवली होती, जिथे दुसरं काही उतरलं नसतं. "आमची ही तशीच. खडखडाट फार, पण कुठेही उतरते, कितीही सामान नेते." काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "आणि हे कायम दुरुस्तीला."

चाळीत त्यांच्या तावडीत सापडण्याची हमखास वेळ म्हणजे पाणी यायची वेळ. हंडा नळाखाली लावलेला माणूस पळू शकत नाही. काका दात घासण्याचा ब्रश घेऊन तिथे उभे राहायचे. कोणी वेळ विचारली तर उत्तरात काँकॉर्ड यायचं: ते लंडनहून निघालं की न्यूयॉर्कला पोचेपर्यंत तिथल्या घड्याळात निघण्याचीही वेळ झालेली नसायची. आई एकदा त्यांना म्हणाल्या, "एवढ्या लवकर जावन लोका थंय करीत काय?" काकांनी तोंडातला ब्रश काढला, विचार केला आणि सांगितलं की बहुधा याच कारणाने ते बंद पडलं असावं. मला वाटतं विमानांच्या इतिहासात आईंनी घातलेली एवढीच भर त्यांनी मान्य केली.

पण एक गोष्ट मला फार पुढे लक्षात आली. काका सगळं न विचारता सांगायचे, कारण विचारत कोणीच नव्हतं. त्यांनी 'डाकोटा' म्हटलं की लोक चपला शोधायला लागायचे. मीही लागायचे. गॅसवर दूध आहे, हे मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं आहे की माझ्या घरी गोठा आहे असा त्यांचा समज झाला असेल.

त्यांचं खरं भांडण होतं ते गणपतीच्या देखाव्याशी. आमच्या मंडळाला देखाव्यात दरवर्षी काहीतरी उडतं हवं असायचं. एका वर्षी मूर्तीवर पुष्पवृष्टी करणारं हेलिकॉप्टर होतं. टेबलफॅनची मोटर, पुठ्ठ्याची पाती, दोरी ओढली की झेंडूच्या पाकळ्या पडायच्या. लोक हात जोडत होते. काका मूर्तीकडे पाठ करून हेलिकॉप्टरकडे बघत उभे राहिले आणि आरती संपल्या संपल्या म्हणाले, "याला शेपटीचा पंखा नाही. हे भोवऱ्यासारखं गरगरत खाली येईल. बाप्पाच्या डोक्यावर." दळवी म्हणाले, "काका, ते वायरला बांधलंय." काका म्हणाले, "बांधलेलं आहे म्हणून खोटं चालतं का?"

या स्वभावापायी ते चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही बाहेर पडले. कोणीतरी 'शुभ सकाळ'चं चित्र पाठवलं होतं: उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, आणि मधून जाणारं एक विमान, ज्याला चित्रकार शेपूट द्यायला विसरला होता. काकांनी लिहिलं, 'ज्या समूहात शेपटीवाचून विमान उडते, त्या समूहात मी राहू शकत नाही.' आणि ते गेले. त्यांना परत घ्यावं असं कोणाला वाटलं नाही. उलट एकाने हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. या ग्रुपमधून बाहेर राहणं त्यांना पुढे महागात पडणार होतं, पण तेव्हा ते कोणाला माहीत होतं.

मग चाळ पाडायचं ठरलं. बिल्डर आला, नकाशे आले, संमतीच्या सह्या झाल्या. नकाशा समजावून सांगायला आलेल्या आर्किटेक्टला काकांनी टॉवरच्या खिडक्यांचे कोपरे गोल करायला सांगितलं. जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान, कॉमेट, खिडक्यांच्या टोकदार कोपऱ्यांपासून फाटत गेलं होतं, तेव्हापासून विमानाच्या खिडक्या गोल कोपऱ्यांच्या असतात, असं त्यांनी सांगितलं. आर्किटेक्टने विचारलं, "पण काका, तुमचा टॉवर उडणार आहे का?" सगळी सभा हसली. काका म्हणाले, "तुम्ही दिलेली तारीख बघता, उडेल तेव्हाच ताबा मिळेल." त्यावर सभा जरा वेगळ्या आवाजात हसली.

जुन्या चाळीतला तो शेवटचा गणपती. मंडळाच्या बैठकीत दळवींनी उभं राहून सांगितलं की यंदाचा देखावा धुरीकाका करतील, विषय त्यांचा, हुकूम त्यांचा. त्यांनी गळा दाटून आल्यासारखं केलं. कारण मात्र सरळ होतं: नेहमीचा डेकोरेटर दुसऱ्या मंडळाने पळवला होता आणि काका फुकट होते. काकांना यातलं काही दिसलं नाही. ते रात्रभर झोपले नाहीत, असं काकू म्हणाल्या. सकाळी ते आमच्या दारात आले. "सूनबाई, आता चाळ पांगणार," ते म्हणाले. "कोण डोंबिवली, कोण विरार. त्याच्या आधी एकदा सगळ्यांनी जंबो नीट बघायला हवं. खऱ्या मापाचं. मग ते आपोआप विचारतील, एवढं धूड उडतं कसं." एवढंच हवं होतं त्यांना. आयुष्यभर ज्याला वॉशर पुरवले ते विमान चाळीने एकदा डोळे भरून बघावं, आणि एकाने तरी विचारावं.

देखाव्याचा विषय ठरला विमानांचा इतिहास. काकांची अट एकच: सगळी विमानं एकाच प्रमाणात. चौकाच्या या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत पंख पोचतील एवढं जंबो, आणि बाकीची त्याच्या हिशेबाने. दोन सायकलवाल्या भावांनी उडवलेलं पहिलं विमान त्यामुळे जेमतेम खाटेएवढं झालं, आणि नॅट तर पाटाएवढं. त्या भावांचं पहिलं उड्डाण जंबोच्या एका पंखाच्या टोकापासून निघालं असतं तर दुसऱ्या टोकापर्यंतही पोचलं नसतं, हे त्यांनी बांबू बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. दळवींना मिगची काळजी लागली. "काका, मिग मोठं करा ना जरा. पब्लिकला मिग पाहिजे. देशाचा प्रश्न आहे." काका पुठ्ठा कापत होते. "देश मोठा आहे," ते म्हणाले. "मिग एवढंच आहे."

महिनाभर ते चौकात बसून होते. बांबूचा सांगाडा, त्यावर पुठ्ठा, त्यावर कागद, त्यावर चंदेरी रंग. पंखांसाठी एकच अखंड लांब बांबू, विमानाच्या पोटातून आरपार गेलेला, कारण "खऱ्यातही सगळा जीव तिथेच असतो." जंबोच्या डोक्यावरचा तो उंचवटा, जिथे वरचा मजला असतो, त्यांनी तीनदा मोडून पुन्हा केला. खिडक्या एकेक कापल्या, गोल कोपऱ्यांच्या. मग वीसेक जणांनी ते वर चढवलं, पहिल्या मजल्याच्या समोरासमोरच्या गॅलऱ्यांच्या खांबांमधून पंखांची टोकं आत घेतली आणि दोरांनी आवळलं; पोटही वरच्या कठड्यांना दोरांनी टांगलं. त्याखालून गणपती आत जायचा होता. काकांनी मागच्या वर्षीच्या मूर्तीची उंची, गाडीची उंची आणि वर हातभर मोकळी जागा धरली होती. मला विमानातलं काही कळत नाही, पण संध्याकाळी दिवे लावल्यावर मी गॅलरीत आले आणि माझ्या नाकासमोर जंबोचं पोट होतं. ते खरंच सुंदर होतं. हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं, याचं मला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाप्पाचं आगमन होतं. ढोलताशे, गुलाल, कमानीबाहेर गर्दी. मूर्तीची गाडी कमानीतून आत आली आणि सगळ्यांनी आधी मूर्तीकडे बघितलं, मग जंबोकडे, मग काकांकडे. मूर्ती मागच्या वर्षीच्यापेक्षा चांगली पुरुषभर उंच होती. शेवटचं वर्ष म्हणून दळवींनी ती मुद्दाम उंच करून घेतली होती, आणि ही आनंदाची बातमी त्यांनी सगळ्या चाळीला कळवली होती. ग्रुपवर. कमान उंच असल्यामुळे तिथे काही अडलं नाही. अडलं ते चौकात, बाप्पाचा मुकुट जंबोच्या पंखाच्या अलीकडे येऊन थांबला तेव्हा.

दळवी म्हणाले, "काका, जरा वर घ्या." वर दुसऱ्या मजल्याचा छज्जा होता. "मग खाली घ्या." खाली घेतलं तर चौकभर जंबो आडवं पडणार आणि गाडीला वाट नाही. मूर्ती वाकवायची तर कोणाची हिंमत. गुरुजी घड्याळ बघत होते. ढोलवाल्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, ते आपले वाजवतच होते. शेवटी दळवींनी सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "एका बाजूचा पंख कापू या. बाप्पा त्या बाजूने जातील. देखाव्याला काय, एक पंख आहेच की."

काका जंबोच्या खाली उभे होते. मला वाटलं आता हे भांडतील. चाळीने हेलिकॉप्टरच्या शेपटीवरून त्यांचं तासभर भांडण ऐकलं होतं, आणि ते हेलिकॉप्टर त्यांचं नव्हतंही. पण त्यांनी बाप्पाकडे बघितलं, हात जोडले आणि करवत मागितली. बांबूचा घोडा लावला, चौघांनी धरला आणि काका स्वतः वर चढले. पंखाच्या मुळाशी करवत लावताना मधेच त्यांचा हात थांबला, तेव्हा मी मनातल्या मनात त्या ढोलवाल्यांना शिव्या दिल्या. पंख सुटला, गॅलरीतल्या पोरांनी तो वर ओढून घेतला. जंबो एका अंगाला कललं. खालून लोक ओरडायला लागले, "मोरया, मोरया", गाडी हलली. काका मात्र घोड्यावरच होते. "थांबा," ते म्हणाले. "एका पंखाचा विमान नसता. दुसरोय कापूक होयो." आमच्याशी ते कायम ऑफिसच्या मराठीत बोलायचे. मालवणी मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्यांनी घोडा दुसऱ्या बाजूला घ्यायला लावला आणि दुसरा पंखही तेवढाच, मोजून, कापला. मग बाप्पा आत गेले.

पंख नसलेलं जंबो चौकात लोंबकळत राहिलं. दर्शनाला आलेल्या लोकांनी पहिल्या दिवशी त्याला पाणबुडी म्हटलं, दुसऱ्या दिवशी गॅसची टाकी. एका बाईंनी ते पडवळ आहे का असं विचारलं, आणि त्या थट्टा करत नव्हत्या. काका बाजूला उभे राहून प्रत्येकाला सांगायचे, "हे जंबो आहे, पंख काढलेत." लोक मान डोलवायचे आणि प्रसादाकडे वळायचे. तिसऱ्या दिवशी दळवींनी यावर तोडगा काढला. एक मोठा फलक रंगवून आणला आणि जंबोच्या पोटाखाली लावला: 'मेट्रो – मुंबईकरांचे स्वप्न.' तेव्हा मेट्रो आमच्या भागात फक्त खड्ड्यांच्या रूपात होती, त्यामुळे ती अशीच दिसते यावर लोकांचा लगेच विश्वास बसला. खिडक्या होत्याच. वरचा उंचवटा म्हणजे ड्रायव्हरची केबिन. मेट्रोच्या डोक्यावरून डाकोटा आणि मिग का चाललीत, असं कोणी विचारलं तर दळवी सांगायचे, "ती विमानतळाला जोडलेली आहे ना."

आणि बक्षीस मिळालं. विभागातल्या मंडळांची देखाव्यांची स्पर्धा होती. परीक्षक आले, बघून गेले, आणि लोकोपयोगी विषयाचा पहिला क्रमांक आमच्या मेट्रोला मिळाला. मोरेश्वर बिल्डिंगला तोवर कोणी कधी साधं उत्तेजनार्थही दिलं नव्हतं. चाळीचं शेवटचं वर्ष आणि पहिला चषक. बायकांनी नव्या साड्या काढल्या. सत्यनारायणाच्या संध्याकाळी चौकात स्टेज घातलं, परीक्षक चषक घेऊन आले. दळवींनी भाषणात "ज्यांच्या कल्पनेतून ही मेट्रो साकार झाली ते आमचे कलाकार धुरीकाका" असं म्हणून काकांना वर बोलावलं. काका वर येताच दळवींनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल हे सगळ्यांना कळलं. चषक घ्या, नमस्कार करा, खाली या.

काकांनी माइक हातात घेतला. "नमस्कार," ते म्हणाले. "ही मेट्रो नाही. हे जंबो आहे. चार इंजिनांचं, दोन मजल्यांचं. पंख बाप्पाच्या वाटेत येत होते, ते मी दिले. त्याचं नावही देऊन टाकायला मला कोणी सांगितलेलं नाही. आता, हे एवढं जड विमान वर जातं कसं, तर त्याचं असं आहे की—" इथे माइक बंद पडला. तो आपोआप बंद पडला असं दळवी आजही सांगतात. परीक्षक आपापसात कुजबुजले. विमान लोकोपयोगी विषयात बसतं का, याची थोडा वेळ चर्चा झाली. बसत नाही असं ठरलं. चषक पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाला गेला, त्यांचा देखावा स्वच्छ शौचालयाचा होता. तो सगळ्या दृष्टींनी लोकोपयोगी होता, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

त्यानंतर चाळ काकांशी बोलेनाशी झाली. वॉशरवाल्याने तोंडचा घास हिरावला, असं गॅलरीगॅलरीत चाललं होतं. नळावर काका ब्रश घेऊन उभे असायचे आणि लोक हंडे भरून मुकाट निघून जायचे. मी बोलायचे, पण माझंही चुकत होतं, मी "जेवलात का" विचारायचे. डाकोटाबद्दल काही विचारावं हे मला सुचलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनीही सांगणं बंद केलं. वरून विमान गेलं की ते मान वर करायचे आणि काही न बोलता खाली करायचे. काकू एकदा मला म्हणाल्या, "घरात इतकी शांतता कधी नव्हती गं. मला झोप लागत नाही."

दिवाळी झाल्यावर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. काका-काकू माहीमला भाड्याच्या खोलीत गेले आणि काका तिथेच दोन वर्षांनी वारले. टॉवर अजून व्हायचाच आहे. पण काकांचं नाव निघालं की मला माहीमची खोली आठवत नाही, आम्ही चाळ सोडली ती सकाळ आठवते.

आमचा टेम्पो डोंबिवलीला जायचा होता. सामान चौकात उतरवलं होतं, आई आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या होत्या. चाळीतली बरीच मंडळी निरोपाला खाली आली होती, दळवीसुद्धा. काका आपल्या दारासमोर, वरच, कठड्याला टेकून उभे होते. खाली आले तर कोणी बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आईंनी वर बघून त्यांना हाक मारली. ते आले आणि जरा लांबच थांबले.

"रमाकांता," आई म्हणाल्या, "तुझा ता जंबो एवढा जड आसान उडता कसा, ता माका एकदा नीट सांग बगू."

काकांनी आधी मागे वळून पाहिलं. बहुतेक त्यांना वाटलं असावं की या दुसऱ्याच कोणा रमाकांताला विचारतायत. आईंनी आयुष्यात त्यांची एवढी टवाळी केली होती की ही नवी टवाळी आहे का, हे ते त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते. आईंचा चेहरा साधा होता. त्यांनी पदर सावरला आणि ट्रंकेवर बाजूला सरकून काकांना जागा करून दिली.

काका बसले. घसा खाकरला. "वयनी, त्येच्यासाठी आदी हवा म्हंजे काय ता समजान घेवक होया," त्यांनी सुरुवात केली, आणि मला वाटलं, संपलं, आता डोंबिवली उद्या. पण कोणी चपला शोधल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात पसरून पंख केले. पंख थोडे तिरपे धरले तर पुढून येणारी हवा कशी खाली ढकलली जाते आणि विमानाला वर ढकलते, पंखाच्या मागच्या पट्ट्या कधी बाहेर काढायच्या, एवढं वजन कधी हलकं होतं, हे सगळं ते सांगत होते. विमान धावपट्टीवर धावलं, समुद्रावरून वळलं, ढगांच्या वर गेलं. दिवाण उचललेल्या दोघांनी तो खाली ठेवला आणि त्यावरच बसले. दळवी खांबाला टेकून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "पण काका, इंजिन एक बंद पडलं तर?" काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि "चांगलं विचारलंत" म्हणून तेही सांगितलं. मी उगीच भांड्यांचं पोतं बांधलेलं सोडून पुन्हा बांधायला घेतलं.

कमानीबाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. मग तो स्वतःच आत आला. "मावशी, चला ना, पुढे ट्रॅफिक लागेल."

काका बोलता बोलता थांबले. त्यांचे हात अजून तसेच पसरलेले होते.

आई ट्रंकेवरून हलल्या नाहीत. "थांब रे जरा," त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या. "हेंचा विमान अजून उतरूक नाय."